टेलला पोचलं का?

संगमनेरात आमच्या घरमालकांना लग्नाची पत्रिका द्यायची की नाही, यावर ओळखीचे लोक दोनदा विचार करत. माणूस भांडखोर नव्हता, आहेराला मागे नव्हता, मानपानावरून रुसणाऱ्यांतला तर मुळीच नव्हता. पण पंगत बसली की हे पहिल्या पानाकडे पाठ करून सरळ शेवटच्या पानापाशी जाऊन उभे राहत. हात मागे बांधलेले, मान जरा पुढे. वाढपी आमटीची बादली घेऊन निघाला की त्याला लांबूनच विचारत, "टेलला पोचली का?" नवख्या वाढप्याला वाटायचं, हे वरपक्षाकडचे कोणीतरी बडे पाहुणे आहेत. तो घाबरून शेवटच्या चार पानांवर दोन-दोन पळ्या जास्त ओतायचा. स्वतः हे सगळ्यांच्या शेवटी जेवत, आणि तोवर मठ्ठा संपलेला असला तरी त्याचा त्यांना आनंदच होई. "बगा, टेलला न्हाई आलं. मी म्हणलो नव्हतो?"

टेल म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या चारीचं शेवटचं टोक. तिथल्या शेतकऱ्याला पाणी पोचेपर्यंत धीर नसतो, कारण वरचे लोक वरच्यावर ते वळवून घेतात. पाणी जिथून सुटतं ते हेड. काका पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले, पण त्यांच्या लेखी जगातल्या यच्चयावत गोष्टींना एक हेड होता आणि एक टेल होता. गल्लीत सगळे त्यांना इन्स्पेक्टर म्हणत. त्यामुळे नवे कुरिअरवाले त्यांच्यापुढे उगाच सावधान उभे राहत.

रोज सकाळी ते घरातले सगळे नळ तपासत. सुरुवात मागच्या अंगणातल्या कोपऱ्यातल्या नळापासून, शेवट गच्चीवर टाकीखालच्या नळापाशी. मी एकदा म्हटलं, "काका, टाकीखालचा आधी बघा ना, तिथे पाणी नसेल तर खाली कुठून येणार?" त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझं शिक्षण फुकट गेलं असं मलाही वाटायला लागलं. "मॅडम, हेडला कुनीबी भिजतंय," ते म्हणाले. "टेलला जाऊन उभं ऱ्हायलं की समदं कळतं. मदी कुटं फुटलंय, कुनी वळवलंय, समदं." पेपरही ते शेवटच्या पानापासून वाचत. शेवटच्या पानावर खेळाच्या बातम्या असत आणि त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी वाचत.

त्यांच्याकडे एक मोजकाठी होती. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची, कालव्यात पाण्याची खोली बघायची. निवृत्त होताना लोक शाल-नारळ घेतात, यांनी ती मागून घेतली. तिने ते जाळी काढत, कुत्री हाकलत, आणि बोलताना मुद्दा आला की फरशीवर टेकवत.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून आले ती माझ्या आईमुळे. आई इथून वीस मिनिटांवरच्या खेड्यात एकटी राहते. वडील गेल्यावर ती पुण्याला यायला तयार नव्हती आणि तिच्या गावात इंटरनेट धड चालत नव्हतं. मी लग्नांच्या फिल्मा संकलित करते. पुण्याच्या स्टुडिओच्या मालकांनी मला एका सीझनची मुभा दिली होती. संगमनेरातून काम वेळेवर आलं तर ठीक, नाहीतर पुण्याला परत यायचं. दिवसा काम, संध्याकाळी आईकडे, असं मी ठरवून टाकलं होतं. तिच्या हातची भाकरी रोज खायची आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजायच्या, एवढंच मला हवं होतं.

काकांची खोली देण्याची अट एकच होती. "भिंतीला खिळा चालंल. स्लॅबला भोक न्हाई." तो स्लॅब त्यांनी स्वतः उभं राहून घातला होता आणि एकवीस दिवस स्वतः पाणी मारलं होतं. पावसाळ्यात एक थेंब गळला नव्हता. चौतीस वर्षं दुसऱ्याच्या कालव्यांची गळती बघितलेल्या माणसाला या गोष्टीचा किती अभिमान असेल, ते मी समजू शकत होते. मी बिनशर्त कबूल केलं, आणि तिथेच फसले.

झालं असं, की माझा मोठा कॉम्प्युटर वरच्या खोलीत, आणि फिल्मा साठवायचा डबा खाली मधल्या खोलीत. डबा म्हणजे चार हार्डडिस्क बसवलेली काळी पेटी. ती चोवीस तास चालू लागते आणि घरात इन्व्हर्टर एकच, तो खाली. त्याच्या शेजारीच वायफायचा राउटर. मी वरून फाइल सोडायची, ती वायफायने खाली डब्यात उतरायची, आणि डब्यातून पुण्याच्या स्टुडिओला आपोआप जायची. पहिले दोन महिने हे सुरळीत चाललं. मग एप्रिल संपता संपता काय बिघडलं कोण जाणे, एका लग्नाची फाइल जी जेवण होईपर्यंत उतरायची, तिला अख्खा दिवस लागायला लागला. टक्क्यांचा आकडा हलेचना. मी खुर्चीत बसून त्या आकड्याकडे बघत राहायची आणि पुण्याहून फोन यायचे.

इंटरनेट कंपनीचा माणूस आला. राउटरपाशी उभा राहिला, मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि म्हणाला, "स्पीड फुल आहे."

काका दारातच होते. "कुटं उभं राहून मोजलं?"

"इथंच की."

"हेडला मोजतो व्हय? आन् टेलला कोन मोजनार, तुजा साहेब?"

तो बिचारा वर आला, परत मोजलं, आणि म्हणाला की कंपनीची जबाबदारी राउटरपर्यंतच. काकांना हे उत्तर ओळखीचं वाटलं असावं. खात्यातले वरचे साहेब असंच बोलायचे म्हणे. त्या क्षणापासून हे प्रकरण त्यांनी स्वतःच्या अखत्यारीत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आले. त्यात रकाने आखलेले होते. वेळ, किती सुटलं, किती पोचलं, शेरा. "मॅडम, तुमचा लॅपटॉप घ्या. वरच्या खोलीपास्नं सुरुवात करू." मग आमची वरात निघाली. मी लॅपटॉप हातावर धरून उभी, एक ठरलेली फाइल सोडायची, काका हातातल्या घड्याळात बघून वहीत मांडायचे. मग एक पायरी खाली. मग अजून एक. जिन्याच्या अठरा पायऱ्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं. समोरच्या घरातल्या बायका गॅलरीत येऊन बघत होत्या. एकीने विचारलंच, "काय पूजाबिजा आहे का?"

"पाहणी चालूय," काका वर न बघता म्हणाले.

दहाव्या पायरीपर्यंत रडतखडत, अकरावीवर एकदम जोर. काका थांबले. एक पायरी वर गेले, परत खाली आले. मग मोजकाठी जिन्यावरून मधल्या खोलीच्या दिशेने धरली आणि डोळा बारीक करून तिच्यावरून बघितलं. काठीचं टोक बरोबर गव्हाच्या कोठ्यांवर आलं. दोन पत्र्याच्या उंच कोठ्या. एरवी त्या मागच्या अंगणात धुऊन वाळत पडलेल्या असत. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला काकूंनी पलंगावरून सांगून वर्षाचे गहू भरून घेतले, कडुलिंबाचा पाला घालायला लावला, आणि कोठ्या राउटरच्या पुढ्यात उभ्या करवल्या होत्या. काका पुण्यवान माणसासारखे हसले.

भरलेल्या कोठ्या सरकवायला गल्लीतले तिघे बोलवावे लागले. त्यानंतर वेग दुपटीने वाढला आणि काकांनी वहीत तांबड्या शाईने "अडथळा काढला" असं लिहून खाली सही केली. मी पेढे आणले. पण दोन दिवसांत लक्षात आलं की पूर्वीचा वेग काही आलेला नाही. मधूनच पळायचं, मधूनच बसकण मारायचं.

"डोंगळा हाय कुनाचा तरी," काका म्हणाले. डोंगळा म्हणजे कालव्यात रबरी नळी टाकून चोरून पाणी ओढायचं ते साधन. त्यांचा संशय शेजारच्या घरावर गेला, कारण ते लोक म्हणे फार खूश दिसायला लागले होते. काठी घेऊन ते तिकडे निघाले तेव्हा मी त्यांना अक्षरशः फाटकात अडवलं. पासवर्ड बदलू या, म्हटलं. त्यांनी पासवर्ड दिला तो त्यांच्या हद्दीतल्या ओळीने सहा चाऱ्यांच्या नावांचा. तो टाइप करताना माझी बोटं दुखली. फरक शून्य. शेजाऱ्यांचं स्वतःचं कनेक्शन होतं, तेही कळलं. काका त्यांच्याकडे जाऊन न केलेल्या आरोपाची माफी मागून आले, आणि ती कशाबद्दल हे त्या लोकांना शेवटपर्यंत समजलं नाही.

शेवटी स्टुडिओतल्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, राउटरवर काय काय जोडलंय त्याची यादी काढ. यादीत माझ्या वस्तू, काकांचा मोबाईल, आणि एक खूप जुना टॅब. टॅब घराच्या पार मागच्या खोलीत होता, काकूंच्या.

काकूंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली. बोलणं सुधारलं पण पलंगावरून उठणं नाही. सासर पुणतांब्याचं. धाकट्या दिरांकडे गोठा होता आणि गोठ्यात काकूंनी स्वतःच्या हाताने वाढवलेल्या गाईची कालवड. काकू इकडे आल्यापासून त्यांचा जीव तिकडेच. काकांनी गोठ्यात एक कॅमेरा बसवून दिला, आणि काकू दिवसभर टॅबवर ती कालवड बघत. नुसतं बघत नसत, कारभार करत. "गव्हाणीत पानी न्हाई दिसत," असा फोन दिरांना जायचा. दीर म्हणायचे, वहिनी गेल्या खऱ्या, पण गोठ्यातून हलल्या नाहीत. आता ती कालवड पहिलटकरीण होती. दिवस भरत आले होते. एप्रिलअखेरपासून काकू जेवतानासुद्धा टॅब नजरेसमोरून हलू देत नव्हत्या.

मित्राने मला समजावलं ते असं. वायफाय एका वेळी एकाशीच बोलतं, सगळ्यांना आळीपाळीने वेळ देतं. एखादं उपकरण जुनं आणि लांब असलं की ते आपला घास फार हळू खातं, आणि तोवर बाकीच्यांना ताटकळत बसावं लागतं. तो टॅब बंद कर, तुझं काम पळायला लागेल.

मी हे काकांना सांगितलं तेव्हा पहिल्यांदा ते हरखलेच. "म्हंजे वायफायलाबी पाण्याच्या पाळ्या असत्यात!" मग त्यांना उरलेला अर्थ समजला आणि चेहरा उतरला.

"म्हंजे टेल बंद केला की हेडला पानी वाढंल, असं म्हनताय तुमी."

"फक्त रविवारपर्यंत, काका. दोन लग्नं राहिलीत. रविवारी नाही गेली तर मला पुण्याला परत जावं लागेल. आईला इथे सोडून."

त्यांनी काठी फरशीवर टेकवली. "मॅडम, हे मी हुऊ देनार न्हाई. जो लांब हाय, ज्याला हळूहळू मिळतंय, त्योच तोडायचा? मंग लांबच्यानं करायचं काय?" मग म्हणाले, "दुपारी तुमची काकू दोन तास निजती. ती पाळी तुमची. मी सोता बंद करीन, सोता चालू करीन."

दोन तासांत काही होण्यासारखं नव्हतं. वरून खाली डब्यापर्यंत वायर टाकायचा विषय मी काढला, पण ती स्लॅबला भोक पाडूनच उतरली असती. त्यांनी वर स्लॅबकडे बघितलं आणि विषय तिथेच राहिला. मला राग आला. खरं सांगायचं तर फार राग आला. एका गाईपायी माझी आई एकटी पडणार होती आणि हे मला तत्त्वं सांगत होते.

शनिवारी काका सकाळीच तिसगावला एका लग्नाला गेले. मी काकूंच्या खोलीत गेले. त्यांची सोबतीण बाई कपडे धूत होती. टॅबवर गाय उभी होती, शेपटी सारखी हलवत होती, जागच्या जागी पाय बदलत होती. शेतकऱ्याच्या घरात वाढलेय मी. ते बघून मला कळलं.

"काकू, आज दिवसभर हा बंद ठेवला तर चालेल का? माझं काम अडलंय."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग टॅबकडे. "बंद कर की गं. गाय काय पळून जाती व्हय?" असं म्हणून त्यांनी डाव्या हाताने टॅब माझ्याकडे सरकवला. मी बंद केला आणि खिडकीत ठेवला.

त्या दिवशी फाइली काय उतरल्या म्हणून सांगू. एक लग्न दहालाच खाली गेलं. दुसरं तीनच्या आत. स्टुडिओच्या मालकांनी फोन करून शाबासकी दिली आणि म्हणाले, बसा तिकडेच, मला काय, काम झाल्याशी मतलब. मी आईला फोन केला, तिने लगेच विचारलं संध्याकाळी पिठलं करू का. मी इतकी आनंदात होते की खाली काकूंना सांगायला लगेच गेलेही नाही. हातपाय धुवून गेले तेव्हा सोबतीण बाई म्हणाली, गाय साडेअकराला व्याली. कालवड झाली. दिरांचा फोन आला होता.

काकू भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. झोपल्या नव्हत्या.

काका परतले तेव्हा दिवस कलायला आला होता. नेहमीप्रमाणे आधी मागच्या खोलीत गेले. मग बऱ्याच वेळाने जिन्यावर त्यांची पावलं वाजली. हाक मारल्याशिवाय ते कधी वर येत नसत, त्या दिवशी आले. हातात वही होती. खुर्चीवर बसले, पेन काढलं.

"आज किती पोचलं?"

"सगळं," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. "आन् टेलला?"

मला वाटलं आता ओरडतील, खोली खाली करा म्हणतील. ओरडले असते तर मीही ओरडले असते. माझ्याकडे उत्तरं तयार होती.

"नोकरीला तिसरं वर्ष हुतं माजं," काका म्हणाले. "रब्बीचं शेवटचं पानी सुटल्यालं. साहेबानं पुसलं, टेलला पोचलं का. मी हेडला चहा पीत बसल्यालो. मला ठावं हुतं, वरच्या लोकांनी डोंगळे टाकलेत, खाली थेंब गेल्याला न्हाई. पन खरं सांगावं तर चार-आठ दिस पानी वाढवून मागाय लागलं असतं, वरच्यांशी भांडन आलं असतं. मी लिवलं, पोचलं. साहेबानं कालव्याचं दार बंद केलं." ते वहीच्या पानावर बोट फिरवत होते. "टेलला एक गडी हुता. पान्याच्या अर्जावर गहू लिवल्याला हुता त्याचा. ऐन दाना भरायच्या टायमाला वाळला. त्यानं तक्रारबी केली न्हाई. एकदा वाटंत भेटला, रामराम घातला. मी सायकल थांबवली न्हाई."

"त्यानंतर मी एक टेल सोडला न्हाई, पोरी. पायी गेलो, चिखलातनं गेलो. समद्या टेलला गेलो. त्याच्या घरी तेवडा गेलो न्हाई."

ते उठले. "जा, तिला सांग."

"काय सांगू काका? मीच बंद केला ते त्यांना माहीतच आहे."

"तुला ठावं हुतं, गाय आज विनार. ते सांग."

मला ते कळलं होतं हे त्यांना कसं समजलं, ते मी विचारलं नाही. खाली गेले. काकूंच्या पलंगापाशी उभी राहिले आणि सांगितलं. गाय पाय बदलत होती, ते मी बघितलं होतं, मला कळलं होतं, तरी मी टॅब बंद केला. सांगताना मला रडू आलं आणि स्वतःची लाज वाटली, कारण रडायचा हक्क त्यांचा होता.

काकूंनी तोंड माझ्याकडे वळवलं. "मलाबी कळलं हुतं की गं," त्या म्हणाल्या. "माज्या गाईचं मला कळनार न्हाई? पन म्हणलं, हिची आई तितं एकली हाय." मग डाव्या हाताने चादर चाचपत म्हणाल्या, "त्यो टॅब दे. बघू तर कशी दिसती."

मी टॅब लावला. नवी कालवड लटपटत्या पायांनी उडी मारायला बघत होती आणि पडत होती. काकू हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. आईकडे जायला त्या दिवशी फार उशीर झाला. पिठलं निवून गेलं होतं. आईला मी सगळं सांगितलं. ती मला एवढंच म्हणाली की उद्या काकूंसाठी चिकाचा खरवस न्यायचा असेल तर तो त्यांच्या गाईचाच हवा, विकतचा नको.

सोमवारी सकाळी मोठ्या आवाजाने मला जाग आली. बाहेर येऊन बघते तर काका ड्रिल मशिनवाल्याच्या डोक्यावर उभे होते, आणि तो वरच्या खोलीच्या दाराबाहेर, कोपऱ्यात स्लॅबला भोक पाडत होता. काका बघत नव्हते. पाठ करून उभे होते आणि मशीनचा आवाज चढला की मान आत ओढून घेत होते. भोकातून वायर ओवली, वरून आणि खालून त्यांनी स्वतःच्या हाताने सिमेंट लिंपलं, तीन दिवस त्यावर ओलं पोतं टाकलं. फाइली वायरने जायला लागल्या. काकूंचा टॅब पुन्हा दिवसभर चालू झाला आणि दिरांना पुन्हा दिवसभर फोन.

गुरुवारी काका पहाटेच्या एसटीने कुठेतरी गेले. कुठे, ते काकूंनी मला सांगितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. संध्याकाळी मी आईकडून आले तेव्हा ते ओट्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. मी समोर उभी राहिले.

"भेटले का?"

"भेटला. कान गेलेत त्याचं. मोठ्यानं सांगाय लागलं, समदं आंगन ऐकत हुतं. सून, नातू, शेजारपाजार, समदं."

"काय म्हणाले?"

"म्हणला, साहेब, मला काय सुदीक आठवत न्हाई. सुनंला चहा टाकाय लावला. म्हाताऱ्या मानसाला कशापायी एवडा परवास केला, म्हणला." काकांनी एक बूट काढला आणि हातातच धरून बसले. "निगालो तवा रस्त्यापातुर सोडाय आला. काठी टेकत. एसटी यायला अवकाश हुता. तर मला म्हणला, 'साहेब, गव्हाचं काय एवडं, दुसऱ्या साली पिकला. पन कडंनी मोसंबीची नवी रोपं लावल्याली. अर्जात न्हवती ती. ती गेली.'"

गल्लीतून कोणीतरी "काय इन्स्पेक्टर!" म्हणून गेलं. काकांनी हात वर केला, बूट अजून हातातच होता.

"बगा मॅडम," ते म्हणाले, "इतकी वर्सं मी नुस्त्या गव्हाचंच वाईट वाटून घेत हुतो."